एसएमपीएस गेला, असं म्हणण्याआधी

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात सीपीयूचा डबा टेबलावर ठेवला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. पहिलं, "रॅम काढून रबरानं पुसून बघ रे." त्यानं भागलं नाही की दुसरं, "मग एसएमपीएस गेला असेल." (एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला, कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा.) दोन्ही बऱ्याचदा खरी निघतात, म्हणून तर टिकून आहेत. पण संशय सगळ्यांत जास्त घेतला जातो एसएमपीएसवर, आणि तपासणी सगळ्यांत कमी होते तीही त्याचीच. जुना काढायचा, नवा लावायचा. चालू झालं तर ठीक. नाही झालं तर "मदरबोर्ड गेलाय" म्हणायचं, आणि नव्या एसएमपीएसचं बिल तरीही लावायचं. व्होल्टेज मोजणारा एक साधा मल्टिमीटर आणि थोडा धीर असेल, तर हा खर्च बऱ्याच वेळा वाचतो.

खरी अडचण अशी, की एसएमपीएस एका झटक्यात क्वचितच मरतो. मेला तर उलट बरंच असतं. फाडकन आवाज, जळका वास, सगळं ठप्प. निदान करायला कुणाला विचारावं लागत नाही. छळतो तो अर्धवट चालणारा. त्याच्यामुळे हार्ड डिस्क मध्येच दिसेनाशी होते, विंडोज निळी पडते, फाइल कॉपी होताना बिघडते, ग्राफिक्स कार्ड दगा देतंय असं वाटतं. प्रत्येक वेळी दोष जातो दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर. म्हणून "काय होतंय" एवढंच विचारून थांबू नका, "कधी होतंय" ते विचारा. सकाळी पहिल्यांदा चालू करताना? लाइट गेल्या क्षणी? गेम उघडल्यावर? की काही न करता नुसता चालू ठेवलेला असताना? या उत्तरांतच निम्मं निदान असतं, आणि ती फक्त तो कॉम्प्युटर रोज वापरणाऱ्यालाच देता येतात.

डब्याच्या आत काय चालतं

भिंतीतून येते २३० व्होल्टची एसी वीज. कॉम्प्युटरला हवी असते डीसी, तीही १२, ५ आणि ३.३ व्होल्टची. एसएमपीएस आधी आलेली एसी सरळ करतो. २३० व्होल्टच्या एसीचं शिखर सुमारे ३२५ व्होल्टवर असतं, तेवढ्या दाबाची डीसी एका जाडजूड कपॅसिटरमध्ये साठते. (चांगल्या एसएमपीएसमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारा, म्हणजे भिंतीतून वीज सुरळीत ओढणारा भाग असतो, तिथे हा आकडा ३८० ते ४०० व्होल्टपर्यंत जातो.) मग ट्रान्झिस्टर ही डीसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात आणि ती एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतात. ५० हर्ट्झवर हेच काम करायचं तर ट्रान्सफॉर्मर किलो किलोंचा लागला असता. वेग वाढवला की तो मुठीत मावतो. पलीकडे निघणारी वीज पुन्हा सरळ करून, गाळून मदरबोर्डाकडे जाते.

तो जाडजूड कपॅसिटर म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी समजा. बाहेरून येणारं पाणी थोडा वेळ गेलं तरी घरातला नळ चालू राहतो तो टाकीच्या जोरावर. एटीएक्स नावाचं जे मानक इंटेलनं १९९५ मध्ये आणलं आणि जे पुढे सुधारत गेलं, त्यात ही टाकी किती वेळ पुरावी याचाही आकडा आहे: साधारण १७ मिलिसेकंद. ऐकायला काहीच नाही, पण यूपीएस बॅटरीवर जायला एवढ्याहून कमी वेळ घेतो, म्हणून लाइट गेल्यावर तुमचा कॉम्प्युटर बंद पडत नाही.

इथेच एक ठोक गोष्ट सांगून टाकतो. एसएमपीएसचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही त्या टाकीत ३०० व्होल्टच्या वर वीज काही काळ राहू शकते, आणि तिला तुमचं कुतूहल माहीत नसतं. खाली जे जे सांगतोय ते सगळं डब्याबाहेर, तारांच्या टोकाशी करायचं आहे.

कपॅसिटर म्हातारे होतात. त्यांच्या आतला द्रव हळूहळू सुकतो आणि साठवण्याची ताकद घटते. उष्णता ही त्यांची मुख्य शत्रू. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. स्वस्त एसएमपीएसमध्ये ८५ अंशांपर्यंत चालणारे कपॅसिटर असतात, बऱ्या एसएमपीएसमध्ये १०५ अंशांपर्यंतचे. अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात. त्यात कॅबिनेट टेबलाखालच्या बंद कप्प्यात कोंबलेलं आणि मागच्या पंख्यावर धुळीचा थर असला, तर आतल्या कपॅसिटरची गत काय होत असेल ते सांगायला नको. कोकणात आणि गोव्यात उष्णता त्या मानानं कमी, पण खारी दमट हवा पिनांवर गंज चढवते. शिवाय पाली आणि झुरळं. उबेला आलेली पाल एसएमपीएसच्या जाळीतून आत शिरून शॉर्ट होणं हा विनोद नाही, दुरुस्तीवाल्यांना हे दृश्य चांगलं ठाऊक आहे.

म्हाताऱ्या कपॅसिटरची एक ओळखीची खूण आहे. सकाळी बटण दाबलं तर काही होत नाही, किंवा पंखा जरासा फिरून थांबतो. चार-पाच वेळा दाबल्यावर चालू होतो आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. थंड असताना सुकलेल्या कपॅसिटरचा अंतर्गत विरोध जास्त असतो, थोडा गरम झाला की तो सावरतो. हिवाळ्यात हा त्रास वाढला आणि उन्हाळ्यात गायब झाला, तर संशय आणखी पक्का करा. मात्र मदरबोर्डावरही असेच कपॅसिटर असतात. ते उघड्यावर दिसतात, म्हणून टॉर्च मारून आधी त्यांची डोकी बघून घ्या. वरचा भाग सपाट हवा. फुगलेला असेल, किंवा तपकिरी चिकट काही बाहेर आलेलं असेल, तर एसएमपीएस निर्दोष असण्याची शक्यता आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत तर सदोष द्रव भरलेले कपॅसिटर जगभर मदरबोर्डांवर लागले होते आणि ढिगानं बोर्ड निकामी झाले होते.

जांभळी, हिरवी, करडी

आता मुख्य भागाकडे येऊ. मदरबोर्डाला जाणारा २४ पिनांचा मोठा कनेक्टर पाहिला की रंगीबेरंगी तारांचा जुडगा दिसतो. पिवळ्या १२ व्होल्टच्या, लाल ५ च्या, नारिंगी ३.३ च्या, काळ्या ग्राउंडच्या, म्हणजे शून्य व्होल्टच्या. पण निदानासाठी सगळ्यांत बोलक्या तारा तीनच, आणि तिन्ही एकेकट्याच असतात.

जांभळी तार, ९ नंबरची पिन. भिंतीतला स्विच चालू असेपर्यंत, कॉम्प्युटर बंद असला तरी, हिच्यावर ५ व्होल्ट असतातच. याच विजेवर मदरबोर्ड बटण दाबलं जाण्याची वाट पाहत जागा राहतो. बोर्डावर एखादा बारीक दिवा सतत पेटलेला दिसतो, तोही बहुधा हिच्या जिवावर. हा भाग चोवीस तास राबतो, म्हणून बऱ्याचदा आधी तोच थकतो.

हिरवी तार, १६ नंबरची पिन. कॉम्प्युटर बंद असताना हिच्यावरही ५ व्होल्टच्या आसपास दिसतात. तुम्ही बटण दाबलंत की मदरबोर्ड ही तार ग्राउंडला खेचतो, म्हणजे व्होल्टेज शून्याजवळ येतं. हा बोर्डाचा एसएमपीएसला निरोप: चालू हो.

करडी तार, ८ नंबरची पिन. एसएमपीएस चालू झाला, सगळे व्होल्टेज ठाकठीक आले, की काही शे मिलिसेकंदांत तो हिच्यावर ५ व्होल्ट देतो: माझ्याकडून सगळं ठीक, कर सुरुवात. हा होकार येईपर्यंत बोर्ड प्रोसेसरला सुरूच होऊ देत नाही. चालू असताना होकार क्षणभर जरी गेला, तरी प्रोसेसर तिथल्या तिथे रीसेट होतो. निळा पडदा नाही, चूक सांगणारा संदेश नाही, थेट पुन्हा लोगो. असं रीस्टार्ट एसएमपीएसच्या तक्रारीत इतकं का आढळतं, ते यावरून कळतं.

या तिघींवर मीटर लावला की भांडण कुणाचं ते उघड होतं. जांभळीवर ५ व्होल्ट नाहीतच? मग दोष एसएमपीएसमध्ये किंवा त्याच्याही मागे, वायर-प्लगमध्ये. (कधी मधी बोर्डच ती वीज शॉर्ट करून खाली ओढतो. २४ पिनांचा कनेक्टर काढून पुन्हा मोजलं की ते कळतं.) जांभळी ठीक, पण बटण दाबूनही हिरवी शून्यावर येत नाही? मग बोर्डानं निरोपच दिलेला नाही. एसएमपीएस बदलून काही होणार नाही, बटण किंवा बोर्ड बघा. कॅबिनेटचं बटण अडकलेलं किंवा त्याची वायर निघालेली असणं फारच साधारण. बोर्डावरच्या त्याच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं, की बटणाचा निकाल लागतो. आणि हिरवी शून्यावर आली, तरी पिवळ्या-लाल तारा निर्जीव, किंवा करडी वर येतच नाही? आता बोट एसएमपीएसकडे दाखवा, पण एक अट आहे, ती पुढे येतेच.

हल्लीच्या बऱ्याच एसएमपीएसच्या सगळ्या तारा काळ्याच असतात. मग रंगावर नव्हे, पिनांच्या क्रमांकावर चालावं लागतं, आणि त्यासाठी २४ पिनांचं चित्र समोर ठेवावं. अंदाजानं प्रोब घुसवू नये.

यू-पिनची चाचणी, आणि ती काय सांगत नाही

एसएमपीएस बोर्डापासून पूर्ण सोडवायचा, हिरवी पिन आणि तिच्या शेजारची काळी (१५ किंवा १७) ऑफिसातल्या यू-पिननं जोडायची, मग मागचा स्विच चालू करायचा. पंखा फिरला की "एसएमपीएस ओके". ही चाचणी सगळीकडे प्रसिद्ध आहे आणि तिचा गैरसमजही तितकाच. पंखा फिरला याचा अर्थ एवढाच, की एसएमपीएस निरोप ऐकतो आणि रिकामा असताना उभा राहतो. ओझं आल्यावर तो टिकेल की नाही, हे ती सांगत नाही. पंखा फिरला नाही म्हणून मेलाच, असंही नाही. काही एसएमपीएसचा पंखा गरम झाल्याशिवाय फिरतच नाही, आणि काही जुने एसएमपीएस थोडंसं ओझं असल्याशिवाय सुरू होत नाहीत. एखादी बिनकामाची हार्ड डिस्क जोडून बघा.

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला एसएमपीएस टेस्टर म्हणून एक छोटी डबी मिळते, आकडे दाखवणारी. ती यू-पिनपेक्षा बरी, कारण व्होल्टेज तरी दिसतात. तिचंही ओझं मात्र नाममात्रच.

आता ती अट. बटण दाबल्यावर पंखा टचकन हलतो आणि लगेच सगळं बंद पडतं, हे लक्षण पाहून एसएमपीएस फेकू नका. पुढे कुठे तरी शॉर्ट असेल, तर स्वतःला वाचवण्यासाठी निरोगी एसएमपीएसही हेच करतो. तो त्याचा गुण आहे. मग एकेक गोष्ट सोडवत जायचं. आधी ग्राफिक्स कार्ड, मग डिस्क, मग पुढच्या यूएसबीची वायर. पुढच्या यूएसबी पोर्टात पेन ड्राइव्ह तिरपा खुपसून आतली पट्टी वाकलेली, आणि ५ व्होल्ट ग्राउंडला टेकलेले, हे अनेकदा निघतं आणि क्वचितच तपासलं जातं. मग प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा कनेक्टर काढा. तो काढल्यावर पंखे व्यवस्थित फिरत राहिले, तर बोर्डावर प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागातला मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) शॉर्ट झालेला असण्याची दाट शक्यता. प्रत्येक प्रयत्नाआधी मागचा स्विच बंद करून अर्धा-एक मिनिट थांबा. संरक्षण एकदा लागलं की काही एसएमपीएस तेवढ्या वेळाशिवाय ते सोडत नाहीत, आणि मग चांगला भागही खराब वाटतो.

ओझ्याखाली मोजा

मीटर साधा पिवळा चालतो, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला. डायल डीसी २० व्होल्टवर. लाल प्रोब व्होल्टच्या भोकात आहे ना, १० अँपिअरच्या नाही ना, हे दोनदा बघा. अँपिअरच्या भोकात राहिला तर मीटर म्हणजे नुसती तार होते आणि तुम्ही स्वतःच शॉर्ट करता. सगळ्यांत सोपी जागा म्हणजे जुन्या पद्धतीचा चार भोकांचा मोलेक्स कनेक्टर. मधल्या दोन काळ्यांपैकी एकात काळा प्रोब, पिवळ्यात लाल प्रोब, १२ व्होल्ट. लाल तारेत घातला की ५. २४ पिनांच्या कनेक्टरवर मोजायचं, तर कनेक्टर न काढता तारेच्या मागच्या बाजूनं प्रोब हळूच आत सरकवायचा.

मानकाप्रमाणे ५ टक्क्यांची सूट असते. म्हणजे १२ ची तार ११.४० ते १२.६० मध्ये, ५ ची ४.७५ ते ५.२५ मध्ये आणि ३.३ ची साधारण ३.१४ ते ३.४७ मध्ये हवी. पण माझ्या मते आकडा मर्यादेत आहे की नाही यापेक्षा तो किती हलतो, हे जास्त सांगून जातं. कॉम्प्युटर नुसता उभा असताना १२.१० आणि गेम किंवा ओसीसीटीसारखा ताण देणारा प्रोग्रॅम चालू केल्यावर १२.०२, तर छान. तोच १२.१० वरून ११.४५ वर घसरत असेल, तर नियमात बसतो खरा, पण मी त्याच्यावर महत्त्वाचं काम सोपवणार नाही. घसरण दिसली की आणखी एका कनेक्टरवर मोजा. एकाच केबलवर घसरण असेल, तर डबा ठीक आणि तीच केबल किंवा पिन सैल किंवा काळी पडलेली असू शकते.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) आणि काही प्रोग्रॅममध्येही व्होल्टेज दिसतात. ते इशारा म्हणून घ्या, पुरावा म्हणून नको. बोर्डावरची चिप अंदाजानं मोजते आणि प्रोग्रॅमला तो बोर्ड ओळखीचा नसेल तर काहीही दाखवतो. १२ च्या जागी ८ दिसले आणि तरी कॉम्प्युटर मजेत चालू आहे, तर खोटं प्रोग्रॅम बोलतोय.

मल्टिमीटरची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो सरासरी दाखवतो. विजेवरच्या बारीक लहरी, म्हणजे रिपल, त्याला दिसत नाहीत. त्या १२ वर १२० मिलिव्होल्टच्या आणि ५ व ३.३ वर ५० मिलिव्होल्टच्या आत असाव्या लागतात आणि त्या मोजायला ऑसिलोस्कोप लागतो. सुकलेल्या कपॅसिटरमुळे नेमक्या याच लहरी वाढतात. म्हणून मीटरवर १२.०५ आणि कॉम्प्युटर तरीही वेडावाकडा, असं होऊ शकतं. अशा वेळी शेवटचा उपाय एकच: खात्रीचा, पुरेशा ताकदीचा दुसरा एसएमपीएस काही दिवस लावून बघणं. काही तास नव्हे. बिघाड आठवड्यातून एकदा येत असेल, तर एका दुपारच्या चाचणीला अर्थ नाही.

रीस्टार्ट होतो, पण कधी

गेम सुरू होताच किंवा व्हिडिओ रेंडरला लावताच काही सेकंदांत बंद, हे ओझ्याचं लक्षण. वीस मिनिटं नीट चालून मग बंद, हे बहुतेकदा उष्णतेचं. प्रोसेसरचं तापमान बघा, त्याच्यावरची पेस्ट सुकली असेल. अर्थात एसएमपीएसचा पंखा अडकलेला असेल तर तोही असाच तापून बंद पडतो. मागच्या जाळीपुढे हात धरला की हवा येते की नाही ते समजतं.

नव्या ग्राफिक्स कार्डांनी एक वेगळाच घोळ घातलाय. त्यांची सरासरी भूक आणि क्षणिक भूक यांत मोठी तफावत असते. क्षणाच्याही छोट्या भागासाठी ती दुपटीच्या घरात उसळतात. म्हणून २०२२ मधल्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसनं स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट उसळी १०० मायक्रोसेकंद सोसावी, अशी तरतूद आली. जुना एसएमपीएस अशा उसळीला ओव्हरलोड समजून बंद पडत असेल, तर तो बिघडलेला नाही, त्या कार्डाच्या जोडीचा नाही एवढंच.

इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत "कर्नल-पॉवर ४१" दिसलं की लोक एसएमपीएस विकत घ्यायला निघतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट बंद झाला नव्हता. तुम्ही प्लग खेचलात तरी तीच नोंद येते.

लाइट गेली की रीस्टार्ट, हा आपल्याकडचा खास प्रकार. घराला इन्व्हर्टर आहे, दिवे-पंखे चालू राहतात, पण कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा उठतो. इथे आधी इन्व्हर्टरच्या मागचा स्विच बघा. बहुतेक इन्व्हर्टरना यूपीएस मोड आणि साधा मोड असे दोन असतात. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला इतका वेळ लागतो, की ती १७ मिलिसेकंदांची टाकी आधीच रिकामी होते. मोड बदलला आणि सुटलं, तर एसएमपीएसला नाव ठेवायचं कारण नाही. आधी वर्षानुवर्षं नीट चालत होतं आणि हल्लीच बंद पडायला लागलं, तर मात्र टाकी आटली, म्हणजे मोठा कपॅसिटर म्हातारा झाला, असं समजायला हरकत नाही. वेगळा यूपीएस असेल, तर त्याची बॅटरी आणि ताकद दोन्ही बघा. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, ६०० नव्हे. काही स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर चौकोनी लहरींची वीज देतात आणि पॉवर फॅक्टर सुधारणारे काही एसएमपीएस ती घेत नाहीत. दोघंही सुटे सुटे तपासले तर ठीक निघतात, एकत्र मात्र नांदत नाहीत.

जे एसएमपीएसचं वाटतं पण नसतं

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, टेस्टर लावला तर पेटतो. "एसएमपीएस शॉक मारतोय." बहुतेक वेळा नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून डब्याच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारी किंचित वीज जमिनीत जाते. अर्थिंगच नसेल, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीनं लावलेला असेल, तर पत्रा ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. दोष बिल्डिंगच्या वायरिंगचा आहे. एसएमपीएस तीनदा बदलला तरी मुंग्या येणारच. इलेक्ट्रिशियनला बोलवा. आणि मुंग्यांऐवजी जोराचा झटका बसत असेल, तर प्लग काढून मगच पुढचं बोला.

एका रात्रीत एसएमपीएस, टीव्ही, राउटरचा ॲडॉप्टर सगळंच गेलं, तर डीपीवरचा (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरचा) किंवा खांबावरचा न्यूट्रल तुटला होता का, याची शेजाऱ्यांकडे चौकशी करा. न्यूट्रल सुटला की एखाद्या घरात २३० ऐवजी ४०० च्या दिशेनं व्होल्टेज जातं. अशा वेळी एसएमपीएसमधला संरक्षक घटक शॉर्ट होऊन फ्यूज उडतो. कारण दुरुस्त न होता नवा लावलात, तर त्याचंही तेच होईल.

अमेरिकेतून कुणी जुना कॉम्प्युटर आणला असेल, तर मागे लाल सरकता स्विच आहे का बघा. ११५ वर ठेवून आपल्या २३० मध्ये लावला की आवाज होतो, आणि मग या लेखातलं काहीच करायची गरज उरत नाही.

बदलायचाच ठरला तर

डब्यावर ठळक अक्षरांत "४५० वॅट" लिहिलेलं वाचू नका, बाजूचा तक्ता वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा आणि गुणाकार करा. तिथे १४ अँपिअर असतील तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळं १२ व्होल्टवरच खातात, त्यामुळे तुमच्या कामाचा आकडा तो. बाकीचे वॅट कुठल्या हिशोबानं लिहिलेत ते छापणाऱ्यालाच ठाऊक. ग्राफिक्स कार्डाचं गणित सोपं आहे: स्लॉटमधून ७५ वॅट, ६ पिनांच्या कनेक्टरमधून ७५, ८ पिनांच्यामधून १५०.

नामांकित कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपमध्ये कनेक्टर बऱ्याचदा त्यांचा स्वतःचा असतो. दिसायला ओळखीचा, पिनांचा क्रम वेगळा. काहींमध्ये फक्त १२ व्होल्ट येतात, बाकीचे बोर्डच तयार करतो. अशा यंत्रावर वर सांगितलेली यू-पिनची चाचणी करू नका, आणि बाजारातला साधा एसएमपीएस दामटून बसवू नका.

नव्या एसएमपीएसच्या केबली सुट्या निघणाऱ्या असतील, तर जुन्या केबली "बसतायत ना" म्हणून ठेवून देऊ नका. डिस्कच्या बाजूचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसच्या बाजूच्या टोकाला कुठलंही मानक नाही. कंपनी तीच, मॉडेल फक्त दुसरं, तरी ५ च्या जागी १२ येऊ शकतात. तेवढ्यानं सगळ्या हार्ड डिस्क एका सेकंदात जातात, आणि त्यांतले फोटोही.

नवा बसवल्यावर नुसता लोगो दिसला म्हणून कॅबिनेटचं झाकण लावू नका. आधी ज्या वेळी बंद पडत होता तीच वेळ मुद्दाम आणा: तोच गेम, तेच रेंडरिंग, मुख्य स्विच बंद करून यूपीएसवर तोच झटका. पुन्हा नेमका तिथेच पडला, तर बिल हातात आहे तोवर नवा एसएमपीएस परत करा आणि ग्राफिक्स कार्ड काढून, मॉनिटर बोर्डावरच्या डिस्प्ले पोर्टला लावून तीच चाचणी परत घ्या.